पेन खाली ठेवा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही, आणि ज्या वकील मित्राबरोबर रोज संध्याकाळी फिरताना मी जगातल्या यच्चयावत माणसांच्या चुकांचा पंचनामा करतो, त्यालाही नाही. आता सांगतो आहे ते धीटपणाने सांगतो आहे, असे समजू नका. गेल्या महिन्यात शहागडला जे घडले त्याने मी इतका हादरलो आहे की, दुसरे काहीही लिहायला बसलो तरी कागदावर हेच उतरते.

तुम्ही मला ओळखत असाल — निदान नावाने. जालन्याच्या कोणत्याही वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत मी अधूनमधून असतो. थांब्यावर निवारा नाही, नळाला पाणी ठरल्या वेळी आले नाही, बँकेने मराठीत भरलेला अर्ज परत केला — अशा प्रत्येक प्रसंगी नियमाचा क्रमांक देऊन जाब विचारणारा जो गृहस्थ आहे, तो मी. ‘संदर्भ, विषय, महोदय’ या क्रमाशिवाय बाबांना जेवायलाही बोलावता येत नाही, असे माझी मुलगी म्हणते. असू द्या. त्या पत्रांतला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण ती पत्रे लिहिणारा हात कोणता आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हते.

निवृत्तीपूर्वी मी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवीत असे. गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठाला पाठवण्यासाठी मी एक दीर्घ निवेदन लिहायला घेतले. पदवीची मुले तयार प्रयोगवह्या उतरवून काढतात. आकडे आधी ठरतात आणि प्रयोग मागाहून होतो. मग समुपदेशकाच्या, संशोधन सहायकाच्या जागा निघतात तेव्हा आमच्या मुलांना साधा तक्ता वाचता येत नाही — हे कोणाचे पाप? असा जळजळीत मजकूर होता. पुढे मी लिहिले: ‘शिक्षकाने सांगितलेला निष्कर्ष क्षणभर बाजूला ठेवून जो विद्यार्थी आकड्यांची ठेवण स्वतः न्याहाळतो, तोच उद्याचा शास्त्रज्ञ होय.’

आणि पेन थांबले. कारण असा विद्यार्थी मला एकदा भेटला होता. एकदाच. त्याचे मी काय केले?

त्याचे नव्हे — तिचे. तिचे खरे नाव लिहिण्याचा अधिकार मला नाही. शांता म्हणू या. हसनाबादची मुलगी. वडिलांची पिठाची गिरणी होती, त्यांना सगळे बापू म्हणत. रोज एस.टी.ने येई. वर्गात ती फारशी बोलत नसे. पण प्रश्न विचारला की आमच्या पाठ्यपुस्तकाला घाम फुटे. एकदा तिने विचारले होते, ‘सर, प्रयोगाचा निकाल आधीच म्हाईत असंल तर मंग आपण प्रयोग कशाला करतो?’ मी हसलो होतो. वर्गही हसला होता. आता वाटते, तिथेच सावध व्हायला हवे होते — तिने नव्हे, मी.

क्रमाने सांगतो. क्रम सोडला की मला पळवाटा सापडू लागतात.

तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकांत बुद्धिमापनाची एक सामूहिक चाचणी असे. छापील पुस्तिका, चार भाग, प्रत्येक भागाची वेळ ठरलेली. शब्द, साम्य, वर्गीकरण, आणि शेवटी संख्यामाला व तर्क — हा शेवटचा भाग सर्वांत मोठा. मी मुलांना नेहमी बजावीत असे की, चाचणीची सूचनापुस्तिका हा कायदा आहे. सूचना शब्दशः वाचायच्या, वेळ सेकंदासेकंदाने पाळायची. परिस्थिती बदलली की मापन संपले; उरतो तो केवळ खेळ. किती आवेशाने सांगत असे मी हे!

त्या दिवशी दुपारी जालन्यात ग्राहक मंचासमोर माझी तारीख होती. एका दुकानदाराने कूलरची जळालेली मोटार हमीच्या मुदतीत बदलून दिली नव्हती. मी प्रकरण मंचात नेले होते आणि युक्तिवाद स्वतः करणार होतो. हे ठाऊक असताना मी चाचणी पुढे ढकलायला हवी होती. ढकलली नाही. सुरू केली, आणि तीन भाग काटेकोर घेतले. चौथा अर्ध्यात आला असेल-नसेल, तोच खालून जालन्याला जाणाऱ्या काळीपिवळी जीपचा भोंगा वाजला. आमचे ठरलेले होते — गाडी भरत आली की तिचा चालक हबीबभाई मला हाक देई. त्याने दिली.

‘प्रोफेसरसाब, गाडी भर गई! आगे की सीट रखी है, जल्दी!’

पुढची गाडी कधी भरेल याचा भरवसा नव्हता. मी हातातल्या घड्याळाकडे पाहिले. किती वेळ शिल्लक आहे, ते मला स्पष्ट दिसले — हे नीट वाचा, मला दिसले. आणि मी म्हणालो, ‘पेन खाली ठेवा.’

मुलांनी ठेवली. मी सांगितले म्हणून ठेवली. एकदोघांनी वर पाहिले. शांता शेवटची होती, तिचे पेन क्षणभर कागदावरच राहिले. मी उत्तरपत्रिका गोळा केल्या, कपाटात कुलूपबंद केल्या आणि धावत खाली गेलो. मंचासमोर त्या दुपारी मी कराराच्या अटी पाळण्याच्या नैतिक बंधनावर बोललो. फार चांगले बोललो. प्रकरण जिंकलो.

तुम्ही म्हणाल, एवढेच? थोडा वेळ कमी दिला, त्यात काय झाले? एवढेच असते तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

आमच्याकडे रीत अशी की, मुलेच एकमेकांच्या उत्तरपत्रिका तपासत आणि सगळ्या वर्गाचे गुण फळ्यावर मांडून गटाचा तक्ता करत. पुढच्या तासाला तसा तक्ता झाला. मी बाजूला उभा होतो. पहिला स्तंभ भरला, दुसरा, तिसरा — पुस्तिकेतल्या सरासरीच्या आसपास, काही मुले वरही. मग चौथा स्तंभ भरू लागला. वरपासून खालपर्यंत सगळे आकडे दरीत पडल्यासारखे. मला तेव्हाच बोलता आले असते. ‘मुलांनो, हा भाग रद्द; वेळ माझ्याकडून चुकली’ — किती सोपे वाक्य! विज्ञान शिकवण्याची इतकी सुंदर संधी एखाद्या शिक्षकाला आयुष्यात पुन्हा मिळत नाही.

मी काय केले? मी निष्कर्ष सांगितला. मी म्हणालो की ग्रामीण विद्यार्थी शाब्दिक भागात बरे असतात, पण अमूर्त तर्कात मागे पडतात. आणि हे वाक्य मी सर्वांना वहीत उतरवून घ्यायला लावले. तुमच्या लक्षात येते आहे का? जाफराबादकडून, भोकरदनकडून, कुठून कुठून येणाऱ्या त्या अख्ख्या वर्गाने आपल्या हातांनी लिहिले की आमची तर्कशक्ती कमी आहे. खाली मी सही केली. आजही हे लिहिताना माझा मलाच विश्वास बसत नाही. मी? मी हे केले?

तेव्हा शांता उभी राहिली.

‘सर, एक शंका हाय.’

‘बोल.’

‘तीन भागात आमचं बराबर आलंय. चौथ्यातच समद्यांचं एकदम पडलं. बरं, पडलं तेबी एकाच ठिकाणी — जो हुशार त्याचंबी तिथंच, जो ढ त्याचंबी तिथंच. पुढचे प्रश्न चुकले न्हाईत सर, कोरे हायेत. समद्यांची अक्कल एकाच प्रश्नापाशी कशी संपंल?’ मग थोडे थांबून, अगदी खालच्या आवाजात, ‘वेळ कमी पडला आसंल का?’

कमी दिला, असे ती म्हणाली नाही. कमी पडला असेल का, असे म्हणाली. मला वाट मोकळी ठेवून विचारले होते तिने. आणि वर्गाचे सगळे डोळे माझ्याकडे वळले.

मी काय करावे? — असा प्रश्नच मला पडला नाही, हे सर्वांत भयंकर. माझी जीभ आपोआप चालू लागली, जशी कोर्टात चालते. ‘तुझ्याकडे घड्याळ होते?’ ‘न्हाई सर.’ ‘साक्षीदार?’ मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘हबीबभाईला बोलवा की, सर!’ आणि वर्ग खदखदून हसला. त्या मुलाने गंमत केली होती; त्याच्या गमतीत सत्य किती नेमके होते, हे वर्गात फक्त मला कळले, आणि माझा संताप मस्तकात गेला. शांता मात्र हसली नाही. म्हणाली, ‘घड्याळ न्हवतं सर. पण उत्तरपत्रिका हायेत ना.’

उत्तरपत्रिका होत्या. होत्याच. मी तिला सुनावले की पुराव्याशिवाय केलेला आरोप ही बदनामी असते, बदनामी हा गुन्हा असतो, आणि शिक्षकावर असा आरोप करणाऱ्या विद्यार्थिनीला प्रात्यक्षिक परीक्षेला बसू द्यावे की नाही याचा विचार मला करावा लागेल. तासानंतर तिला विभागात बोलावून माफीनामा लिहून घेतला. मजकूर मीच सांगितला. ‘माझ्याकडून गैरसमजाने आणि पुरेशा आकलनाअभावी’ — हे शब्द माझे. ती एकदा थांबली आणि म्हणाली, ‘गैरसमज लिहिते सर. आकलन न लिहिता चालंल का?’ मी म्हणालो, चालणार नाही. तिने लिहिले.

उत्तरपत्रिका मी त्याच आठवड्यात घरी नेल्या आणि रद्दीत घातल्या. पुरावा नष्ट करणे कशाला म्हणतात, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वर्ष संपता संपता बापू आले. गिरणीवरून तसेच उठून आले असावेत. भुवयांवर पीठ होते. खुर्ची दिली तरी काठावर बसले. म्हणाले, ‘सर, पोरगी मानसशास्त्रात एम.ए. करायचं म्हणून राह्यली. हॉस्पिटलात त्या लोकायशी बोलणारे आसतात ना, डॉक्टरसारखे, तसं व्हायचं तिला. खर्चा होईन, होऊ द्या. घरात कुणी येवढं शिकलेलं न्हाई, आमाला काय कळत न्हाई. तुमी सांगा, झेपंल का तिला?’

एक माणूस आपल्या मुलीचे आयुष्य माझ्या टेबलावर ठेवून उत्तराची वाट पाहत होता. मला त्या क्षणी काय दिसत होते, ते सांगू? मला विद्यापीठातला विभाग दिसत होता. तिथे ती जाईल, चाचण्यांचा तास असेल, कोणीतरी विचारील की तुमच्याकडे ही कशी घेतली — आणि ती सांगेल. ती जे पाहिले तेच सांगणारी मुलगी होती. तिथले प्राध्यापक मला ओळखत होते. मी त्यांनाही नियमांची पत्रे लिहिली होती.

मी बापूंना म्हणालो, ‘तुमची मुलगी कष्टाळू आहे. पण आम्ही बुद्धीची शास्त्रीय चाचणी घेतली. तर्काच्या भागात तिचे गुण सरासरीच्या बरेच खाली आहेत. पुढचा अभ्यास सगळा त्याच भागावर चालतो. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणते.’

बापू म्हणाले, ‘शास्तर म्हणतंय तर मंग बराबरच आसंल.’ उठताना त्यांनी हात जोडले. ‘तुमी हायेत म्हून खरं कळलं, सर.’

त्यानंतर वीसेक वर्षे गेली. तिचे लग्न झाल्याचे कानावर आले होते. मी पत्रे लिहीत राहिलो. इतरांच्या कुचराईवर माझी नजर आणखी तीक्ष्ण होत गेली. का, हे आता तुम्हीच ओळखा.

आणि गेल्या महिन्यात, बीडकडे एका नातलगाच्या कार्याला जाताना, आमची मोटार शहागडला चहासाठी थांबली. महामार्गाच्या कडेला, मालमोटारी उभ्या असतात तिथे, एक छोटे दुकान — थंड पेये, बिस्किटे, मोबाइलचे चार्जर. गल्ल्यावरची बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग ती उठून बाहेर आली आणि भर रस्त्यावर माझ्या पायांवर वाकली.

‘सर! वळखलं का? मी शांता. हसनाबादची, गिरणीवाल्या बापूची.’

ओळखले. कसे नाही ओळखणार? तिने नवऱ्याला हाक मारली, मुलीला हाक मारली, खुर्ची पुसली, चहा सांगितला. तिचा आनंद अगदी खरा होता. मी मनात धरून होतो की हिला सगळे आठवत असेल, ही मला चार लोकांत विचारील. आणि — खोटे सांगत नाही — मला क्षणभर बरे वाटले होते. विचार, एकदाची विचार.

ती मुलीला म्हणाली, ‘हेच ते सर. दुसरे आसते तर गोड बोलून फी भरायला लावली आसती. ह्यायनी बापूला सरळ खरं सांगितलं. म्हून वाचलो आपण, न्हाईतर बापूचा समदा खर्चा पाण्यात गेला आसता.’

मी चहाचा कप खाली ठेवला.

तिची मुलगी बारावी झालेली, आईसारखीच सावकाश बोलणारी. ती म्हणाली, ‘पण मम्मी, तू तर सांगत होतीस, वेळच कमी दिल्ता म्हणून.’

‘गप गं!’ शांता लाजून हसली. ‘तवा अक्कल होती का मला? येड्यावानी कायबी बोलले होते सरायला. माफी लिहून दिल्ती मी.’ आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुमी तेव्हाच माफ केलं, सर. मनात धरलं न्हाई.’

तिला एम.ए. करता आले नाही, हे मला ठाऊक होते. त्याचे ओझे — कमी-अधिक — मी वाहत आलो होतो. पण हे मला ठाऊक नव्हते. जिने वर्गात, घड्याळ नसताना, केवळ कोऱ्या जागांवरून सत्य काढले होते, तिला मी त्या सत्यावरचा विश्वास सोडायला लावला होता. आता ते तिच्या दृष्टीने वेडेपण होते, मुलांना सांगून हसण्याजोगे. ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारी मुलगी होती. आता ती माझ्यावर विश्वास ठेवत होती. शिक्षकाने याहून मोठा विध्वंस तो काय करायचा?

माझ्यासमोर दोघी उभ्या होत्या. मला एक वाक्य बोलायचे होते.

शांता म्हणाली, ‘सर, हिच्याबी डोक्यात तेच भरलंय. मानसशास्त्रच घ्यायचं म्हणती. मी म्हणते, नर्सिंगला जा, हाताला काम तरी लागंल. तुमी भेटलात ते बरं झालं. जसं मला सांगितलं तसं हिलाबी खरं सांगा. तुमचा शब्द ऐकंल ती.’

मुलगी माझ्याकडे पाहत होती. आईसारखेच डोळे — उत्तराची घाई नसलेले, पण उत्तर हवेच असलेले. नवरा शेजारी हात बांधून उभा होता. माझा भाचा मोटारीतून, चला, उशीर होतो, अशी खूण करीत होता.

मी म्हणालो, ‘आईचे ऐकावे, बाळा. आईला अनुभव असतो.’

मुलीने मान खाली घातली. शांता तिला म्हणाली, ‘ऐकलं?’ मग तिने पुन्हा माझ्या पायांना हात लावला, आणि मी — तिच्या डोक्यावर हात ठेवून — तिला आशीर्वाद दिला.

हे वीस वर्षांपूर्वीचे नाही. हे गेल्या महिन्यातले आहे. त्या वेळी नोकरी होती, नाव होते, भीती होती. शहागडला यांतले काहीही नव्हते. मला कोणी अडवलेले नव्हते.

म्हणून आता, निदान इथे, उलट क्रमाने नोंदवतो. शहागडच्या त्या मुलीला मी जे सांगितले ते खोटे होते. तिला मानसशास्त्र जमणार नाही, असे मानायला माझ्याकडे कोणताही आधार नव्हता. तिच्या आजोबांना मी जे सांगितले ते खोटे होते आणि सांगताना मला ते माहीत होते. माफीनामा माझा होता, सही मात्र तिची होती. चौथ्या भागाची वेळ मी जाणूनबुजून तोडली होती.

आणि शांता, तू चुकली नव्हतीस.